तोंड वाकडं करायचं नाही

औषध तोंडात घ्यायचं, दोन्ही गालांतून खळखळवायचं आणि थुंकायचं. गिळायचं नाही. मग ते किती कडू लागलं त्याचा आकडा सांगायचा. हे माझं काम. ऐकणाऱ्याला वाटतं मी फेकतेय. शेजारच्या काकू अजून आईला विचारतात, "थुंकायचा पगार देतात होय गं?"

शाळा मी अकरावीत सोडली. सोडली म्हणजे सोडली, त्यावर मला चर्चा नकोय. मग एका बेकरीत लागले, मग खोकी चिकटवायच्या कारखान्यात. दोन्हीकडे कुणीतरी काहीतरी बोललं, मी उलटून बोलले, आणि संपलं. आई म्हणायची, "हिच्या जिभेला हाड नाही. हिला कोण ठेवून घेणार?" शेवटी तिने तिच्या भावाला गळ घातली. मामा औषधं तयार करणाऱ्या संशोधन संस्थेत आहे. तो म्हणाला, "जीभच चालवायची असेल तर आमच्याकडे चालवू दे. आम्हाला जिभाच हव्यात." मला अठरा पूर्ण झाली होती, सिगरेट मी ओढत नाही, नियमात बसले.

मामाचं औषध काळ्या आजाराचं. वाळूमाशी म्हणून एक माशी असते, डासाच्या निम्मीसुद्धा नाही. ती चावली की एका पेशीचा जंतू अंगात शिरतो. नुसता शिरत नाही. त्याला खायला आपल्या रक्तातले जे पहारेकरी येतात त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. मग ताप जाता जात नाही, पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगते, हातापायाच्या काड्या होतात आणि पोट टरारतं. औषध नाही मिळालं तर माणूस जातो. आतापर्यंत औषध म्हणजे सुया. रोज सुई, आठवडेच्या आठवडे.

वरच्या मजल्यावरच्या लोकांनी पोटातून घ्यायचं नवं औषध शोधलं. मामाने नाही शोधलं, हे तोच सगळ्यांना आधी सांगतो. त्याचं काम ते घशाखाली उतरेल असं करायचं. मोठ्यांना कॅप्सूल दिली, ते बरे झाले. बारकी पोरं कॅप्सूल गिळत नाहीत, म्हणून ती फोडून साखरपाण्यात कालवून दिली. पोरांनी भिंती रंगवल्या. निम्मा डोस बाहेर आला की जंतू मरत नाही, उलट औषधाला सरावतो. त्यामुळे पोरांची चाचणी बंद झाली आणि मामाला सांगितलं, सरबत बनव.

तो ते सरबत तीन वर्षं बनवत होता. मध्ये यंदा कॅप्सूल फोडून पोरांना परत देऊन बघितली, परत भिंती रंगल्या.

आमची खोली पांढरी. ना चित्र, ना फूल, ना वास. टेबलावर पाट्या उभ्या करून खण केलेले, म्हणजे शेजाऱ्याचं तोंड दिसू नये. प्रत्येकाच्या खणात एक छोटं बेसिन, पाण्याचा ग्लास आणि कोरडी बिस्किटं, दोन कपांच्या मध्ये तोंड साफ करायला. कप यायचे चिमुकले, वर नुसते आकडे, कुठल्यात काय ते आम्हाला माहीत नसायचं. शून्य म्हणजे कडू नाही, चार म्हणजे तोंडात धरवत नाही. एक आकडा थुंकल्याबरोबर, दुसरा थोडं थांबून. हे सगळं एक बाई बघायच्या. आम्ही त्यांना कपवाल्या बाई म्हणायचो. हसू नावाचा प्रकार त्यांनी घरी ठेवलेला.

"अत्तर नको. चहा नको. बोलायचं नाही," पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं. "आणि तोंड वाकडं करायचं नाही."

"कडू लागलं तरी?"

"कडू लागलं तर आकडा लिहायचा. तोंड सरळ ठेवायचं. एकाचं वाकडं झालं की सगळ्यांचं होतं."

पहिल्या कपालाच माझं तोंड असं झालं की बाईंनी माझ्या खणावर पुढून एक जादा पाटी लावली. घोड्याला झापडं लावतात तशी.

चाखणारे सगळे संस्थेतलेच. बाहेरच्यांना औषधाबद्दल कळायला नको म्हणून. ड्रायव्हरकाका, ग्रंथपाल, स्वागतकक्षातली ताई, आणखी चारपाच जण. गोष्ट अशी की मामा सगळ्यांचा लाडका. ताईच्या मुलाला गणित तो शिकवतो. ग्रंथपालांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्री झोपायला तोच. असा माणूस. मला त्याचा कधीकधी रागच यायचा. जगात सगळ्यांशी गोड आणि त्याची भाची तेवढी सुधारायची राहिलेली.

त्या दिवशीचं सांगते. शेवटची बॅच होती. मोठ्या मॅडमनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, स्पष्ट सांगितलं होतं की चाखणाऱ्यांची सरासरी दोनच्या खाली आली तर दवाखान्यातल्या नव्या चाचणीत बारकी पोरं धरणार. नाही आली तर चाचणी त्यांच्याशिवाय सुरू. हे आम्हाला कळायला नको होतं. पण ड्रायव्हरकाकांच्या गाडीत मोठ्या मॅडम फोनवर बोलतात, आणि ड्रायव्हरकाकांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आणि त्याच सकाळी मामाने मला गाडीत सांगितलं, "संध्याकाळच्या शाळेत तुझं नाव घातलंय. सोमवारपासून."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग नाहीच म्हणणार ना! म्हणूनच विचारतात माणसाला!"

"आवाज खाली."

"माझा आवाज आहे, मी कुठेही ठेवीन."

त्यावर तो गप्प. मामाचं गप्प बसणं म्हणजे आगीत तेल. मी उतरले ते दार आपटून.

खणात जाऊन बसले तेव्हा माझे कान तापले होते. खोलीच्या दाराला काच आहे. मामाने काचेपलीकडे यायचं नाही असा नियम, पण काचेशी उभं राहायचं नाही असा नियम कुणाला सुचला नव्हता. तो उभा. हाताची घडी, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर ते शहाणं, समजूतदार हसू. पाटीच्या कडेने ते हसू दिसलं आणि माझं डोकं आणखी फिरलं.

पहिला कप. चार. दुसरा. चार. तिसरा. चार. मी चव घेत होते की दात खात होते, देव जाणे. पलीकडच्या खणातून ग्रंथपाल पाटीबाहेर डोकं काढून काचेकडे बघत मान डोलावताना दिसले. जेवायला बोलावलेला पाहुणा डोलावतो तशी. बिस्किटं कुणीच खात नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर कपवाल्या बाईंनी सगळ्यांना परत बोलावलं. मोठ्या मॅडम खुर्चीत, मामा भिंतीला टेकून.

"एक सांगते," बाई म्हणाल्या. "कपांमध्ये अधूनमधून मी दोन कप माझे घालते. एक नुसता साखरेचा पाक, रंग आणि वास घालून. त्यात औषध नसतंच. दुसऱ्यात जुनं, कॅप्सूल फोडलेलं औषध. पोरांनी ओकलेलं ते. हे तुमच्यासाठी. जीभ जागेवर आहे का ते बघायला."

कुणीतरी खाकरलं.

"आज जुन्या औषधाला, ज्याची सरासरी आजवर तीनच्या खाली गेलेली नाही, त्याला तुम्ही सरासरी दीड दिलंय. ग्रंथपालांनी शून्य."

"मला खरंच काही..." ग्रंथपाल उठले.

"खाली बसा. तुम्ही थुंकल्यावर सबंध ग्लास प्यायलात. मी बघितलं." मग बाई माझ्याकडे वळल्या. "आणि एकाने साखरेच्या पाकाला चार दिलेत. जगातली पहिली कडू साखर."

नाव त्यांनी घेतलं नाही. गरजही नव्हती, माझे कान सांगत होते. ड्रायव्हरकाका पुटपुटले, "म्हणजे सगळेच नापास?"

"सगळेच," बाई म्हणाल्या.

मोठ्या मॅडम उठल्या. आवाज चढवला नाही. "आजचे आकडे रद्द. औषध चांगलं की वाईट हेच मला माहीत नाही, तर मी पोरांना कसं देऊ? यांच्यावरच्या प्रेमापोटी तुम्ही हे केलंत. पोरांनी कुणावर प्रेम करायचं?" मग मामाला म्हणाल्या, "तुम्ही काचेशी का उभे होतात?"

मामा म्हणाला, "चुकलं."

बस्. एवढंच. सबब नाही, स्पष्टीकरण नाही. त्याने माझ्यावर ओरडावं असं मला फार वाटलं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. त्याने फक्त गाडीची किल्ली काढली. "दवाखान्यात जाऊन लहान मुलांच्या डॉक्टरांना सांगायला हवं की तारीख पुढे गेली. घरी जायचं तर वाटेत थांबावं लागेल."

दवाखान्याच्या त्या वॉर्डात मी आधी कधी गेले नव्हते. लांब खोली, लोखंडी पलंग, खिडक्यांना इतकी बारीक जाळी की बाहेरचं झाड पुसट दिसायचं. मामा डॉक्टरांशी दाराशी बोलत होता. मी उभी. तेवढ्यात कॉरिडॉरमधून ट्रॉलीचं चाक कुरकुरलं आणि माझ्याजवळच्या पलंगावरची पोरगी सर्रकन पलंगाखाली गेली. असेल चारपाच वर्षांची. पोट पुढे, त्यामुळे शिरताना अडकली. मी खाली वाकून बघितलं.

"तू पण सुई द्यायला आलीस?" तिने आतून विचारलं.

"नाही."

"मग काय करतेस?"

"मी औषध थुंकते."

ती जरा पुढे सरकली. "मी पण."

"तू का थुंकलंस?"

"घाण होतं. आधी गोड लागलं. मग मागून आलं." तिने घशावर बोट ठेवलं. "इथे. आईने नाक दाबलं तरी आलं. मग आई रडली. मग परत सुया."

"मागून म्हणजे कधी? लगेच?"

"नाही गं. मी हसले, मग आलं."

नर्सबाई आल्या, त्यांनी तिला दोन्ही काखांतून धरून बाहेर ओढलं. सराईतपणे, जसं रोजचंच आहे. रोजचंच होतं. "या बाईसाहेबांचं आधी ठिकाण शोधायचं आणि मग सुई द्यायची," त्या म्हणाल्या. पोरगी किंचाळली नाही. तिने उशीचं टोक दातात धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला आवडली नाही. मीच सुई देत असल्यासारखी होती.

परतताना मामा म्हणाला, "गप्प का?"

"तू गप्प बसलास की चालतं, मी बसले की चौकशी?"

"बरं."

जरा वेळाने मीच म्हटलं, "साखरेला चार मी दिले."

"माहीत आहे."

"तुझ्यावर चिडले होते."

"तेही माहीत आहे."

"मग बोल ना काहीतरी!"

सिग्नलला गाडी थांबली होती. तो समोर बघत म्हणाला, "मला ते सरबत कडू लागत नाही. दीडदोन वर्षांपासून. इतकं चाखलंय की जीभ मेली. रोज सकाळी एक थेंब घेतो आणि वाटतं, जमलं. बायकोने केलेलं लोणचंसुद्धा आता तसंच लागतं. बॅच चांगली आहे की नाही हे मला स्वतःला कळायला मार्गच नाही. तुम्ही सांगाल तेच खरं. आणि आज तुम्ही सगळे..." हिरवा दिवा लागला. मागच्याने हॉर्न वाजवला. मी खिडकीतून डोकं काढून त्या मागच्याला जे बोलायचं ते बोलले. मामाने मला आत ओढलं.

दुसऱ्या दिवशी मी सरळ कपवाल्या बाईंकडे गेले. "मला परत तपासा."

"कशासाठी? तुझी जीभ ठीक आहे. डोकं तपासायला हवं."

"दोन्ही तपासा."

त्या हसल्या नाहीत, पण एक भुवई उचलली. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचे कप मांडले. प्रत्येकात कडू द्राव, कुठे कमी कुठे जास्त, उलटसुलट. कमीकडून जास्तीकडे ओळीत लावायचे. मी लावले. एका जोडीत अडले, परत चाखायला मागितलं तर त्या म्हणाल्या, "जीभ थकली. अंदाज सांगू नकोस. माहीत नाही म्हण." मी म्हटलं, माहीत नाही. हे दोन शब्द मी शाळेत कधी म्हटले नव्हते. तिथे त्याला छडी होती. बाई म्हणाल्या, "हे चालतं. पास."

सगळ्यांचीच अशी परीक्षा झाली. ड्रायव्हरकाका पास झाले आणि आठवडाभर छाती काढून फिरले. ग्रंथपाल खरंच नापास झाले. त्यांना कडू-आंबट यातलं काहीच कळत नाही असं निघालं. त्या दिवशीचा ग्लासही म्हणे तहानेनेच प्यायलेला. ते म्हणाले, "तरीच बायको इतकी वर्षं खूश आहे." उरलेल्या जागी बाईंनी बाहेरची माणसं घेतली, संस्थेचा कुणी ओळखीचा नाही अशी. गुप्ततेचं काय ते मोठ्या मॅडमनी निस्तरलं. दाराच्या काचेला आतून पांढरा कागद लागला. आणि मामाला त्या दिवशी त्या मजल्यावर यायला बंदी.

मग तीच बॅच, पहिल्यापासून.

कप समोर आला. संत्र्याचा वास. तोंडात घेतलं. गोड, चांगलं गोड, अगदी सरबत. थुंकलं. पहिला आकडा एक. पटकन पाण्याकडे हात गेला होता, तो मागे घेतला. थांबले. पोरगी हसली होती तेवढा वेळ असेल. आणि आलं. जिभेवर नाही, पार मागे, घशाच्या दाराशी. धातू चघळल्यासारखं, आणि जाईना. तोंड वाकडं होत होतं, ते मी दोन्ही हातांनी धरलं. चार लिहायला पेन टेकवलं. मग मनात म्हटलं, हे चार आहे की परत तुझं डोकं आहे? जुनं औषध आठवलं. ते याहून वाईट. हे धरवत होतं. तीन.

दुसऱ्या आकड्याची सरासरी आली पावणेतीन. नव्या माणसांचीही तेवढीच, जुन्यांचीही. सगळ्यांचा पहिला आकडा छोटा, दुसरा मोठा.

ड्रायव्हरकाका जिन्यात म्हणाले, "कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. काय करणार तुझा मामा तरी."

मोठ्या मॅडमनी निकाल सांगितला तेव्हा मी नव्हते, मामाने सांगितला. चाचणी पुढच्या महिन्यात सुरू. कॅप्सूल गिळू शकतात तेवढी मुलं घेणार. त्याखालची नाहीत. त्यांना सुया चालू. सरबत बंद. मामाला काही महिने दिलेत, वेगळ्या वाटेने काही जमलं तर बारक्यांना नंतर चाचणीत घेतील. नाही जमलं तर नाही.

म्हणजे पलंगाखालची ती पोरगी पलंगाखालीच.

घरी आईला कळलं. तिने भावाला जेवायला बोलावलं आणि माझ्याकडे बघून वाढता वाढता म्हणाली, "एवढासा आकडा कमी टाकला असतास तर काय झिजली असतीस? सख्खा मामा आहे."

मी ताटावरून उठणार होते. मामाने माझं मनगट धरलं. "ताई, हिने कमी टाकला असता तर मी ते पोरांच्या तोंडात घातलं असतं. आणि त्यांनी ते माझ्या अंगावर थुंकलं असतं. चष्म्यासकट." मग मला म्हणाला, "आकडा पुरे. आता तोंडाने सांग. कडू कुठे लागतं?"

"मागे. घशाशी."

"कधी?"

"गिळायचं असतं तेव्हा नाही. त्याच्या नंतर. आपल्याला वाटतं सुटलो, तेव्हा."

"जिभेच्या टोकाला?"

"अजिबात नाही. तिथे तुझी साखर बसलीये. तू पुढचं दार रंगवलंस आणि मागचं उघडं ठेवलंस."

तो घास हातात धरून थांबला. आई म्हणाली, "जेव आधी." त्याने ऐकलं नाही. म्हणाला, "म्हणजे लाळेत विरघळतंय. मी तीन वर्षं ते झाकत बसलो. ते तोंडात विरघळूच द्यायला नको." आणि मग तो आईला काय काय सांगत सुटला. औषध बारीक दाण्यांना चिकटवायचं, पोटात आम्ल मिळालं की तिथेच सुटेल, तोंडात नाही. आईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. ती वरण वाढत "हो का, हो का" म्हणत राहिली.

पहिले दाणे यायला बरेच आठवडे गेले. शाळेचा सोमवार तर केव्हाच उलटला होता, त्यानंतरचेही गेले. शाळेचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

पांढऱ्या खोलीत कप आला. आकड्याशिवाय काही नाही. गढूळ पाणी, तळाशी काहीतरी बसलेलं, बाईंनी ढवळून दिलं. तोंडात घेतलं, खळखळवलं, थुंकलं. थांबले. घशाकडे लक्ष ठेवून बसले. आलं, पण हलकं. दीड म्हणावं इतकं. मग दुसरा कप, तिसरा. एकात काहीच लागलं नाही, नुसती साखर. शून्य दिलं. तो कप बाईंचाच असणार, पण ते ठरवणं माझं काम नाही.

संध्याकाळी मामा गाडीशी थांबला होता. बाईंकडून सरासरी त्याला कळली होती. एक पूर्णांक काहीतरी. त्याने ती दोनदा विचारून घेतली म्हणे.

"हसू नकोस इतक्यात," मी म्हटलं. "दाणे दातात अडकतात. कचकच होते. पोरं त्याला वाळू म्हणतील आणि थुंकतील."

"किती कचकच?"

"अजून होतेय. जेवणानंतरही."

मामाने गाडीचं दार उघडलं, परत लावलं. "मग वर जाऊ. दाणे अजून बारीक दळता येतात. यंत्र बंद केलं नसेल अजून. तुला घरी उशीर चालेल?"

मी आईला फोन लावला. तिला काय वाटेल ते बोलू दिलं, आणि आम्ही वर गेलो.